अल्ट्रासॉनिक मशीनवर रेकॉर्ड धुणं: मुंबईच्या हवेत पैसे वसूल होतात का?

गिरगाव_तबकडी

बाबांच्या तीनेकशे रेकॉर्ड चाळीतल्या माळ्यावर होत्या. बहुतेक काळ्या घोड्याच्या रिदम हाऊसमधून घेतलेल्या (ते 2016 मध्ये बंद झालं तेव्हा बाबा दोन दिवस नीट जेवले नव्हते), थोड्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरून. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत खाली काढल्या तर जवळजवळ प्रत्येकीवर बुरशीचे पांढरट ठिपके, काहींवर तर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी पसरलेली. मऊ कापड, मायक्रोफायबर, ब्रश, पाण्यात थेंबभर लिक्विड सोप, सगळं करून झालं. वरून चकचकीत दिसायची पण पिन ठेवली की टिकटिक तशीच.

मग सहा लिटरची 40 किलोहर्ट्झची अल्ट्रासॉनिक, म्हणजे पाण्यात ध्वनीलहरी सोडून मळ सुटा करणारी, स्टीलची टाकी घेतली आणि वर रेकॉर्ड हळूहळू फिरवणारी मोटर आणि दांडा बसवून घेतला. सगळं मिळून बावीस हजार गेले. पहिली धुतली ती कुमारजींची (कुमार गंधर्वांची) एलपी. धुण्याआधी आणि नंतर एकाच पिनने वाजवून कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग केलं आणि हेडफोन लावून दोन्ही ऐकलं. निम्म्याहून जास्त टिकटिक गेली होती. आलापाच्या मधल्या शांततेत आता तंबोरा ऐकू येतो, आधी तिथे तव्यावर मोहरी तडतडल्यासारखं चाललेलं असायचं.

माझं मत सरळ आहे. मुंबईत ज्यांच्या रेकॉर्डना बुरशी लागली आहे त्यांना अल्ट्रासॉनिकला पर्याय नाही. पण एका जवळच्या मित्राचं म्हणणं की पैसे पाण्यात गेले, एवढ्यात धुतल्यावरचं पाणी ओढून घेणारं चांगलं व्हॅक्यूम मशीन आलं असतं. तुमचं काय मत, मोकळेपणाने सांगा.

दादरचा_श्रोता

तुमचा मित्र बरोबर आहे. राग मानू नका, पण चाळीस वर्षं रेकॉर्ड ऐकतोय म्हणून बोलतो.

पहिली गोष्ट, आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्डची खरखर निम्मीअधिक मळाची नसतेच, ती झीज असते. त्या काळी घरोघरी जे रेकॉर्ड चेंजर (एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारे प्लेयर) होते त्यांचा सिरॅमिक कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या डबीचा, आर्म पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजनाने टेकायचा, आताच्या चांगल्या कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात. त्यात सुई बदलायची असते हेच कित्येकांना माहीत नव्हतं, एक सुई दहा वर्षं. बोथट सुईने, जिच्यात आवाज कोरलेला असतो त्या खाचेच्या भिंती खरवडल्या गेल्या, आवाज चढला की सा फाटतो तो त्यामुळे. ते धुऊन कसं जाणार? गेलेलं व्हायनल (रेकॉर्डचं प्लॅस्टिक) परत येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अल्ट्रासॉनिक मळ सुटा करतं, कबूल. पण सुटा झालेला मळ जातो कुठे? त्याच टाकीतल्या पाण्यात. रेकॉर्ड त्याच पाण्यातून वर येते, अंगावर पाण्याचा पातळ थर, तुम्ही ती रॅकला लावून वाळवता, पाणी उडतं आणि मळ पुन्हा खाचेच्या तळाशी. व्हॅक्यूम मशीनचं तत्त्व नेमकं उलटं आहे, पाणी वाळायच्या आत मळासकट ओढून घ्यायचं. कीथ मंक्स यांचं मशीन 1969 पासून हेच करतंय आणि बीबीसीसारखी संस्था ते वापरायची.

मुलुंड_एलपी

दोघांनाही एक विचारतो, धुतल्यावर परत त्याच जुन्या कागदी इनर स्लीव्हमध्ये (आतल्या पाकिटात) घालता का? बुरशी स्लीव्हमध्येही असते. कागद, घाम, बोटांचं तेल हेच तिचं खाणं. आधी नवीन पॉली-लाइन्ड, म्हणजे आतून पातळ प्लॅस्टिकचं अस्तर असलेले, स्लीव्ह आणा, कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा, आणि पीव्हीसीचे मऊ जाड प्लॅस्टिकवाले स्लीव्ह असतील तर टाकून द्या, त्यातलं रसायन व्हायनलला लागून धुरकट डाग पडतो आणि तो कुठल्याच मशीनने निघत नाही. ह्याला हजार-दोन हजार लागतात. मशीनचा वाद नंतर घाला.

गिरगाव_तबकडी

मुलुंडकर, स्लीव्ह सगळे बदलले, तुमचं शंभर टक्के मान्य.

दादरकर, झीज जात नाही हे मान्यच आहे, तसा दावा मी केलाच नाही. पण माझ्या रेकॉर्डवर जे आहे ते डोळ्यांना दिसतंय, बुरशी आहे. आणि बुरशी धुळीसारखी वर बसत नाही, ती धरून बसते. खाच साधारण 50 मायक्रॉन रुंद, आपल्या केसापेक्षा बारीक, ब्रशचं टोक आत गेलं तरी भिंतीला चिकटलेलं खरवडायला जोर लागतो आणि जोर लावला की व्हायनल खराब व्हायची भीती. टाकीत काय होतं, ध्वनीलहरींनी पाण्यात बारीक पोकळ बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात, फुटताना पाण्याचा जो छोटा झटका बसतो तो खाचेत जिथे पाणी पोचलं तिथे सगळीकडे बसतो. हे व्हॅक्यूमला जमत नाही, व्हॅक्यूम जे सुटं आहे तेच ओढणार. चिकटलेलं आधी सुटं कोण करणार?

दादरचा_श्रोता

सुटं करायला चांगलं क्लीनिंग लिक्विड आणि दोन-तीन मिनिटं धीर लागतो. लिक्विड टाकून भिजू द्या, ब्रशने खाचेच्या दिशेने फिरवा, मग ओढा. बुरशीवाली असेल तर परत करा.

आणि त्या बुडबुड्यांच्या झटक्याबद्दल, टाकीत स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल मिनिटभर धरून बघा. चाळणी होते. टाकी चालते की नाही हे बघायची कारागिरांची ती पद्धतच आहे. जे पाणी फॉइलला भोकं पाडतं त्यात मी माझ्या रेकॉर्ड बुडवणार नाही.

सोल्डर_लॅमिंग्टन

इथे थोडं तांत्रिक बोलणं गरजेचं आहे कारण दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं येतंय.

फॉइलला भोकं पडतात हे खरं, पण फॉइल म्हणजे अतिशय पातळ मऊ धातू आणि तो एका जागी धरलेला. व्हायनल लवचीक आहे, झटका थोडाफार पचवतं, शिवाय फिरत असल्याने एकाच जागेवर सतत मार बसत नाही. मोटर बंद पडून रेकॉर्ड एका जागी अर्धा तास उभी राहिली तर मात्र मला पण काळजी वाटेल, म्हणून मोटर चांगली घ्या आणि टाकी चालू ठेवून बाजारात जाऊ नका.

फ्रिक्वेन्सी वाढली की बुडबुडे लहान होतात आणि मार सौम्य होतो. 40 किलोहर्ट्झ म्हणजे दणकट, दागिने आणि मशीनचे पार्ट धुवायला बनवलेलं. खास रेकॉर्डसाठीच्या महागड्या मशीनपैकी डीग्रिटर 120 वर चालतं, तिथे बुडबुडे खाचेच्या मापाच्या जवळ येतात. पण 40 वर चालणारी रेकॉर्डची तयार मशीनसुद्धा आहेत आणि लोक वर्षानुवर्षं वापरतात, तेव्हा 40 म्हणजे रेकॉर्डचा सत्यानाश असंही नाही.

खरी भीती उष्णतेची. अल्ट्रासॉनिकने पाणी आपोआप तापतं, हीटर बंद असला तरी. मे महिन्यात मुंबईत टाकीतलं पाणी मुळातच तिशीला असतं, चार रेकॉर्ड सलग धुतल्या की चाळिशीकडे जातं. मी 35 अंशांच्या वर जाऊ देत नाही, थर्मामीटर टाकूनच बसतो, वाटलं तर थांबतो. रेकॉर्ड एकदा वाकली की मग तुमचा बुरशीचा प्रश्न सुटूनही काही उपयोग नाही.

अजून एक. नुसत्या पाण्याचं काम नाही, व्हायनलवर पाणी थेंब थेंब होऊन बसतं, खाचेत उतरतच नाही. पूर्वी डार्करूममध्ये निगेटिव्ह शेवटी ज्यात बुडवायचे ते पाणी सपाट पसरवणारं वेटिंग एजंट, फोटोफ्लो वगैरे, त्याचे अगदी थोडे थेंब पुरतात. आणि अल्कोहोल ओतून टाकी भरू नका, गरम टाकीवर त्याची वाफ जमते, घरात आग लागेल.

पार्ल्याची_लेक

कृपा करून 78 च्या (मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या जुन्या) रेकॉर्डबद्दल कोणीतरी ठळक लिहा. त्या व्हायनलच्या नसतात, लाखेच्या असतात, लाखेत दगडाची पूड वगैरे मिसळून केलेल्या. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, सुताराचं पॉलिश तसंच तर बनतं.

हे मला फार उशिरा कळलं. आजोबांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या होत्या, त्यातली एक बालगंधर्वांची. आई दर गुढीपाडव्याला काढून नुसती पुसून ठेवायची, वाजवायला घरी ग्रामोफोनसुद्धा उरला नव्हता. मी एका माणसाकडे धुवायला दिल्या, त्याने एलपीसाठी बनवलेल्या लिक्विडमध्ये, ज्यात अल्कोहोल होतं, घालून दिल्या. परत आल्या तेव्हा काळी चमक जाऊन राखाडी झालेल्या, आणि वाजवून घेतल्या तर गाण्याच्या वर नुसता वाळू ओतल्याचा आवाज. आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती आता डोळ्यांनी कमी बघते.

तेव्हा अल्ट्रासॉनिक चांगलं की वाईट हा वाद घालताना आधी समोरची तबकडी कशाची आहे ते बघा.

गिरगाव_तबकडी

ताई, वाचून वाईट वाटलं. माझ्याकडे 78 च्या अकरा आहेत, त्या मी टाकीत घातलेल्या नाहीत आणि आता घालणारही नाही. मऊ ब्रश, साधं डिस्टिल्ड पाणी आणि लगेच कोरडं करणं, एवढंच.

बोरिवली_नवा

माझ्याकडे फक्त चाळीस रेकॉर्ड आहेत, सगळ्या फूटपाथवरून दोनशे-तीनशेला घेतलेल्या. मी बावीस हजार घालू का? आणि पाणी कुठलं वापरायचं, पेट्रोल पंपावर बॅटरीचं मिळतं ते चालेल का?

मुलुंड_एलपी

चाळीस रेकॉर्डसाठी अजिबात घालू नका. हाताने फिरवायचं साधं टब येतं, दोन्ही बाजूंना ब्रश असलेलं, ते घ्या, उरलेल्या पैशात नवीन पिन घ्या. पिनचा फरक पहिल्याच गाण्यात कळेल.

सोल्डर_लॅमिंग्टन

बॅटरीचं पाणी धुवायला चालतं, बहुतेक वेळा ते डिमिनरलाइज्ड असतं, म्हणजे क्षार काढलेलं. कॅन आधीच उघडलेला आणि जुना असेल तर घेऊ नका. शेवटचं खंगाळायला मात्र चांगलं डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्याचा थेंबसुद्धा नको, वाळल्यावर क्षार खाचेतच राहतात आणि मग तीच नवी टिकटिक.

दादरचा_श्रोता

आता मुद्द्यावर येतो. गिरगावकर, तुम्ही आधी-नंतरचं रेकॉर्डिंग केलंत ते चांगलं केलंत, पण त्यात "आधी" म्हणजे कापडाने पुसलेली रेकॉर्ड. व्हॅक्यूमशी तुलना झालीच नाही. माझं मशीन आहे, तुमची टाकी आहे. तीन रेकॉर्ड घेऊ. आधी माझ्याकडे दोनदा व्हॅक्यूम, रेकॉर्डिंग. मग तुमच्या टाकीत, परत रेकॉर्डिंग. पिन, आर्म, वजन सगळं तेच. माझ्यानंतर तुमच्या टाकीने काही काढलं तरच ते टाकीचं श्रेय. तयार आहात?

गिरगाव_तबकडी

तयार. रविवारी सकाळी या.

गिरगाव_तबकडी

काल झालं. जसं झालं तसं लिहितो, दादरकर खाली दुरुस्ती करतीलच.

पहिली, बुरशीवाली गझलांची एलपी. व्हॅक्यूमनंतर बरीच सुधारली, मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त, हे मान्य करतो. पण पहिल्या बाजूच्या शेवटच्या दोन गझलांत, जिथे नक्षी दाट होती, तिथे टिकटिक उरली होती. टाकीत बारा मिनिटं घालून काढल्यावर ती जवळजवळ गेली. दोघांनीही आलटून पालटून ऐकलं, कुठलं कुठलं ते न सांगता माझ्या बायकोने लावलं, दोघांनीही टाकीनंतरचंच बरोबर ओळखलं.

दुसरी, सिनेमाच्या गाण्यांची सात इंची ईपी, बोटांच्या ठशांनी आणि तेलाने माखलेली. व्हॅक्यूमनेच स्वच्छ. टाकीने काही फरक नाही, शून्य.

तिसरी, लग्नाकार्यात वाजवून वाजवून झिजलेली ईपी. ना व्हॅक्यूमने काही, ना टाकीने. सनईचे वरचे सूर फाटतात ते फाटतातच.

दादरचा_श्रोता

वर्णन प्रामाणिक आहे, दुरुस्ती नाही, फक्त एक भर. टाकीतून काढल्यावर गझलांची एलपी आम्ही रॅकवर वाळवली नाही, माझ्या आग्रहावरून स्वच्छ पाण्याने खंगाळून व्हॅक्यूमने ओढली. त्या दिवशी पाऊस होता, रॅकवर ती दुपारपर्यंत वाळली नसती. तेव्हा ते यश एकट्या टाकीचं नाही.

माझं मत थोडं हललं, पूर्ण नाही. तीनातली एक. ज्याच्या रेकॉर्ड कोरड्या कपाटात नीट राहिल्या आहेत त्याने टाकी घेऊ नये, आधी व्हॅक्यूम घ्यावं, हे मी अजूनही म्हणेन. बुरशी खोल गेली असेल तिथे टाकीने काढलं, ते माझ्या मशीनला जमलं नाही, हे माझ्या कानांनी ऐकलं.

गिरगाव_तबकडी

तीनातली एक खरी, पण माझ्या तीनशेतल्या अडीचशे त्या एकीसारख्या आहेत. आणि या शहरात माळ्यावर रेकॉर्ड ठेवलेलं घर माझं एकट्याचं नाही. म्हणून माझ्यापुरते पैसे वसूल. व्हॅक्यूम आता मलाही घ्यावं लागणार हे मात्र दिसतंय.

दादरचा_श्रोता

घ्यायची घाई करू नका, तोवर माझं आणा. माझ्या थोरल्या भावाच्या घरी चार एलपी आहेत, 2005 च्या पुरात भिजलेल्या, मी कधीच हात लावला नाही. पुढच्या रविवारी घेऊन येतो. थर्मामीटर मी आणतो, 35 च्या वर गेलं की बंद.

पार्ल्याची_लेक

लाखेची कुठली मध्ये आली नाही ना, ते आधी नखाने वाजवून बघा. लाखेची जड लागते आणि टणक वाजते.