मदत हवी आहे: चिकानो-लॅटिनो स्टडीजमध्ये पीएचडी
लोकहो, लवकर सांगा, डिसेंबरात अर्ज बंद होतायत. यूसी अर्वाईनला (कॅलिफोर्निया विद्यापीठ) चिकानो-लॅटिनो स्टडीजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन आणि इतर लॅटिन अमेरिकन वंशाच्या लोकांच्या अभ्यासात, पीएचडी करायचीय पण अर्जात हा विषय निवडायचा पर्यायच दिसत नाहीये. कोणी केलंय का?

खारघरकर: एमए झालंय का? कशात? भारतातून करताय की तिकडेच आहात? काहीच सांगितलं नाहीत.

सावली_१२ (धागाकर्ती): एमए इतिहास, पुणे. विषय कॅलिफोर्नियातल्या इम्पिरियल व्हॅलीतली पंजाबी-मेक्सिकन कुटुंबं. आशियातून येणाऱ्यांना अमेरिकेची दारं बंद करणाऱ्या १९१७ च्या कायद्यानंतर गावाकडून बायका आणणं जवळपास अशक्य झालं, मग तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. विवाह परवान्यावर दोघांच्याही वर्णाच्या रकान्यात 'ब्राऊन' लिहिलेलं सापडतं, मला तिथूनच सुरुवात करायचीय. पण अर्जाचं सांगा ना!

निवांत: ताई, यात नोकरी कुठाय? डेटा सायन्स बघा, व्हिसाचंही सोपं पडतं.

सावली_१२: ते विचारलंच नाहीये.

बे_एरियावाली: अर्वाईनला ती वेगळी पीएचडी नाही, एम्फसिस आहे. म्हणजे आधी इतिहास किंवा सोशियॉलॉजी अशा एखाद्या विभागात प्रवेश घ्यायचा आणि तिथली पीएचडी करताकरता हे जोडायचं. अर्जात इतिहास निवडा आणि एसओपीत (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) एम्फसिसचं स्पष्ट लिहा. स्वतंत्र पीएचडीच हवी तर सांता बार्बरा, यूसीएलए, मिशिगन स्टेट, ऑस्टिन ही विद्यापीठं.

मुसाफिर: यूसीएलएच टाका. १९९३ ला पोरांनी उपोषण करून तिथे हा विषय उभा करून घेतला, तशी जिद्द दुसरीकडे नाही.

बे_एरियावाली: असं कसं? या विषयाचा आराखडाच १९६९ ला सांता बार्बरात ठरला आणि देशातली पहिली पीएचडीही तिथलीच.

खारघरकर: भांडू नका. स्पॅनिश येतं का त्यांना, ते विचारा आधी.

जुनाजाणता: अवांतर: कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप म्हटलं की सगळे मेक्सिकन मजुरांचा नेता सेझार चावेझचं नाव घेतात, पण ८ सप्टेंबर १९६५ ला संप सुरू केला तो लॅरी इटलिआँगच्या फिलिपिनो मजुरांनी, चावेझची मेक्सिकन मजुरांची संघटना आठवड्याने आली. शेतात आशियाई आणि मेक्सिकन असे एकत्रच राबत होते, तुमच्या विषयाला हे लागेलच.

सावली_१२: हे एसओपीत घेते, खरंच उपयोगी आहे. स्पॅनिश वाचता येतं, बोलताना अडते. मग इतिहासातूनच भरते. अर्वाईनच्या इतिहास विभागात सध्या कोणी आहे का इथे? गाईडला आधी मेल करावी लागते की थेट अर्ज चालतो?

मुसाफिर: मेल कराच. आणि यूसीएलएलाही भरा.