मदत हवी आहे: काफ्काच्या किड्याला गुण किती?

नववीच्या मुलांना फ्रान्झ काफ्का या लेखकाची ‘मेटामॉर्फोसिस’ वाचून दाखवली (ग्रेगोर नावाचा माणूस एका सकाळी किडा होऊन उठतो, ती गोष्ट). प्रश्नोत्तरं नकोत, गोष्टीला आपल्या मनानं काहीतरी जोडा, एवढंच सांगितलं. एकीनं ग्रेगोरच्या बहिणीची रोजनिशी लिहिली. त्याच्यासाठी ठेवलेलं दुधाचं भांडं तसंच परत आलं, त्या दिवसाचं पान वाचून काटाच आला अंगावर. बाकी निम्म्या वर्गानं मात्र नुसतं झुरळ काढलंय! (मिशांसकट.)

गंमत म्हणजे १९१५ साली खुद्द काफ्कानं प्रकाशकाला कळवलं होतं की मुखपृष्ठावर किडा काढू नका, लांबून दिसणारासुद्धा नको. हे आता सांगितलं तर पोरं हिरमुसतील का? आणि गुण कशाला देता तुम्ही, कल्पनेला की मूळ गोष्ट नीट वाचल्याला? सोमवारी वह्या परत द्यायच्यात.