अमरवेल उत्पादक की भक्षक? भाचीच्या प्रश्नावर अडकले आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भाची नववीत आहे आणि तिचं विज्ञान मी घेते. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, त्यामुळे तिच्याबरोबर मीही पहिल्यापासून वाचतेय. जाणकारांनी जरा वेळ काढावा ही विनंती.

आधी वर्गीकरण झालं. व्हिटाकर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पाच सृष्टी, म्हणजे मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. मग परिसंस्थेचा धडा आला: उत्पादक, भक्षक, विघटक. लक्षात राहायला सोपं जावं म्हणून मी दोन्हींची जोडी लावून दिली. वनस्पती म्हणजे उत्पादक, प्राणी म्हणजे भक्षक, कवके आणि जीवाणू म्हणजे विघटक.

दोन दिवसांनी तिने विचारलं, "मावशी, अमरवेलीत हरितद्रव्य जवळजवळ नसतंच, मग ती कुठे लिहू?" मी म्हटलं विघटकांत लिही. तर म्हणाली, "पण ती जिवंत झाडातून रस घेते, मेलेल्या नाही." मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचताना कळलं की नीलहरित शैवाल मोनेरात, म्हणजे जीवाणूंच्या सृष्टीत आहे आणि तरी प्रकाशसंश्लेषण करतं. म्हणजे माझी जोडी तिथेही मोडली. मी तिला चुकीचं शिकवलं का, याची रुखरुख लागली आहे.

दुसरी शंका ऊर्जेची. वनस्पतींत १०,००० किलोज्यूल असेल तर शाकाहारी प्राण्यांत १,०००, त्यांना खाणाऱ्यांत १००, असं गणित जमलं. पण वहीतल्या आकृतीत विघटकांकडून पुन्हा वनस्पतींकडे बाण आहे. ऊर्जा अशी परत मिळत असेल, तर दर पायरीला एवढी घट का दाखवतात?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

भाचीची शंका अगदी रास्त आहे, तिला शाबासकी द्या. वर्गीकरणात आपण विचारतो, हा जीव कोणाचा नातलग. पोषण पातळीत विचारतो, याला ऊर्जा कुठून मिळते. अमरवेल फुलांवरून आणि जनुकांवरून रताळ्याच्या कुलातली ठरते, म्हणून सृष्टी वनस्पती. पोट मात्र दुसऱ्या झाडावर भरते, म्हणून परिसंस्थेत ती परजीवी, म्हणजे भक्षकच. वहीत दोन वेगळे रकाने करा, एकाच रकान्यात दोन्ही बसवायला जाऊ नका. उलट उदाहरणही द्या: कीटकभक्षी वनस्पती किडे पकडतात ते मुख्यतः नायट्रोजनसारख्या पोषक द्रव्यांसाठी. अन्न त्या स्वतः सूर्यप्रकाशावर तयार करतात, म्हणून त्या उत्पादकच.

तुमची जोडी अगदी निराधार नव्हती, हेही सांगतो. व्हिटाकर यांनी स्वतः पोषणाची पद्धत एक निकष म्हणून धरली होती: वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात, कवके अन्न शोषून घेतात, प्राणी गिळतात. पुढे १९७७ मध्ये कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधला (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या कणांमधला) आरएनए तपासला, तेव्हा जीवाणूंत गणलेला एक गट, आर्किया, निराळाच निघाला. १९९० पासून तीन अधिक्षेत्रांची, म्हणजे सृष्टींच्याही वरच्या तीन गटांची मांडणी आली. आणि मला अजूनही नवल वाटतं ती गोष्ट ही की कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत. त्यांची पेशीभित्तिका कायटिनची असते, खेकड्याच्या कवचात असतं तेच द्रव्य.

प्रतिसाद २

बाणाबद्दल लिहिते. त्या बाणातून नायट्रोजन, फॉस्फरस अशी द्रव्यं परत जातात, ऊर्जा जात नाही. मी शिकवताना बाण दोन रंगांत काढते: द्रव्यांचा निळा, तो गोल फिरतो; ऊर्जेचा लाल, तो सूर्याकडून निघतो आणि प्रत्येक टप्प्यावर उष्णता होऊन बाहेर पडतो. मुलं नंतर चुकत नाहीत.

९० टक्के कुठे जातात हेही एकदा मोजून दाखवा. गवताचा बराच भाग कोणी खातच नाही. खाल्लेल्यातला काही न पचता विष्ठेवाटे जातो. पचलेल्यातला मोठा वाटा श्वसनात, हालचालीत खर्च होतो. उरतं ते वाढीला, आणि तेवढंच पुढच्या प्राण्याच्या वाट्याला येतं. न खाल्लेलं आणि न पचलेलं विघटकांना मिळतं, पण तेही श्वसन करतात, म्हणजे शेवटी उष्णताच. हा हिशोब रेमंड लिंडेमन यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका लहान तळ्यावर मांडला. १९४२ मध्ये तो छापून आला, त्याच्या काही महिने आधी ते गेले, वय अवघं सव्वीस. दहा टक्के हा ढोबळ आकडा आहे. प्रत्यक्षात साधारण ५ ते २० टक्क्यांत फरक पडतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. रात्रीच दोन रकाने आखले, लाल-निळे बाणही काढले. तेवढ्यात पुढचा प्रश्न आला: "मावशी, खोल समुद्रात ऊन पोचत नाही, तिथे लाल बाण कुठून काढू?"

प्रतिसाद २

तिथल्या बहुतेक जीवांना वरून गाळासारखं खाली येणारं मृत अन्न मिळतं, म्हणजे बाण सूर्याकडूनच. पण १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळावरचे गरम झरे सापडले. तिथले जीवाणू हायड्रोजन सल्फाइडच्या रासायनिक ऊर्जेवर अन्न बनवतात, म्हणून ते उत्पादक. त्या झऱ्यांवरच्या मोठ्या नळीकृमींना तोंड नाही, आतडं नाही. हे जीवाणू अंगात बाळगून ते जगतात. तिथे लाल बाण झऱ्यापासून सुरू करा. आणि नळीकृमी कुठल्या रकान्यात जातो, ते या वेळी तिलाच ठरवू द्या.