पेशीचा प्रकार की अवस्था?

जीवशास्त्रातल्या संज्ञांच्या व्याख्या पाठ्यपुस्तकात असताना त्यांची वेगळी प्रमाण यादी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण पुस्तक वाचून संगणकाला संज्ञांमधली नाती कळत नाहीत ना! १९९८ मध्ये फळमाशी, उंदीर आणि यीस्टचे डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी जीन ऑन्टॉलॉजी, म्हणजे जनुकांची कामं सांगणाऱ्या संज्ञांची अशी प्रमाण यादी, सुरू केली. तिथे प्रत्येक संज्ञेला क्रमांक, व्याख्या आणि वरच्या संज्ञेशी नातं असतं: अमक्याचा प्रकार, तमक्याचा भाग. जनुक अपॉप्टोसिसला (पेशीच्या नियोजित मृत्यूला) जोडलं की पेशीमृत्यूच्या शोधातही आपोआप येतं.

खरी डोकेदुखी पेशींचे प्रकार ठरवण्याची. रोगप्रतिकारक टी-पेशी पृष्ठभागावरच्या प्रथिनांवरून ओळखता येतात, चेतापेशींचं काय? आकार, जागा, की चालू असलेली जनुकं? एकेका पेशीतली चालू जनुकं वाचणाऱ्या सिंगल-सेल सिक्वेन्सिंगमुळे तर पेशींच्या नव्या गटांचं पीकच आलंय. सक्रिय झालेल्या मायक्रोग्लियाला (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींना) वेगळा प्रकार मानणं मला तरी पटत नाही.