कॉलेजचा ग्रुप सोडला. चुकलं का माझं?

काचेखालचा_बल्ब
कराडला इंजिनिअरिंग केलं, १९९७ ची बॅच. गेल्या आठवड्यात बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलो. तेव्हापासून 'भाव खातोय' असं ऐकतोय, म्हणून इथे विचारतो.

फेब्रुवारीत माझा रूमपार्टनर गेला. लिव्हरचं दुखणं. सकाळी ७.१० ला ग्रुपवर बातमी आली, खाली जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि ७.२५ ला सुविचार पडला, गुलाबाच्या फुलासकट. टाकणाऱ्याने पाचच मिनिटं आधी हात जोडले होते. बरं, तेही सोडा. भेटायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, आठ महिने आजारी होते. ते आठही महिने तो रोज ग्रुपवर होता. माझ्या वाढदिवसाला त्याने केक पाठवला, म्हणजे केकचं चित्र. मी लिहिलं, 'थँक्स भावा'.

याच माणसाच्या ड्रॉइंग शीटवरून मी रात्री दोन-दोनपर्यंत जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारायचो. दोन्हीकडे विटा, वर खिडकीची काढलेली काच, खाली शंभरचा बल्ब. काच तापायची, घाम शीटवर टपकायचा आणि तो 'माझी शीट, माझी शीट' म्हणून ओरडायचा. रात्री अकरानंतर एसटीडीचे, म्हणजे परगावच्या फोनचे, दर उतरले की बूथबाहेर आम्ही दोघं रांगेत. त्याच्या घरी काय चाललंय ते केबिनच्या दाराशी उभं राहूनच मला कळायचं.

माझं म्हणणं एवढंच, की ग्रुपमुळे संपर्कात असल्यासारखं वाटतं आणि त्यापायी फोन राहून जातो. ग्रुप नसता तर मी त्याला फोन केला असता.

अनुस्वार
केला असता? २००५ साली व्हॉट्सॲप नव्हतं. त्या वर्षी किती केलेत?

माहेरचं_आडनाव
आमच्या वर्गात साठात सात मुली. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, सासरच्या रिवाजाने नावही बदललं, गाव दोनदा बदललं. ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर होते, पण नव्या नावाने. शोधणार कोण आणि कसं? २०१४ मध्ये तेही बंद झालं. २०१६ ला एका मैत्रिणीने ग्रुपमध्ये घेतलं आणि कुणीतरी मला जुन्या आडनावाने हाक मारली. भाजी फोडणीला टाकली होती, ती करपली. सुविचार मलाही नकोसे होतात हो. पण तुमच्याकडे सोडायला ग्रुप तरी होता, मला सापडायलाच १९ वर्षं लागली.

नोटीस_पिरियड
मी धागाकर्त्याच्या बाजूने. पन्नाशीच्या उंबरठ्यावर 'सध्या कुठे असतोस?' याचा अर्थ 'किती मिळतात?' असा असतो. आमचं रौप्यमहोत्सवी संमेलन महाबळेश्वरला होतं. तेव्हा माझी नोकरी जाऊन दीड वर्ष झालं होतं. ग्रुपवर कळवलं की मावशी वारली. मावशी ठणठणीत आहे, परवाच लोणचं देऊन गेली. ज्याला खरं सांगता येईल असा एकही त्या ग्रुपात नव्हता, हे मला मावशीला मारल्यावर कळलं.

रात्रपाळी
न्यू जर्सीत असतो. भारताशी उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक. 'सरळ फोन करावा' म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून बघावं.

मागच्या वर्षी मिरजेत बाबा बाथरूममध्ये पडले. आई एकटी, माझ्याकडे रात्रीचा दीड. ग्रुपवर एक ओळ टाकली आणि पाऊण तासात वर्गातले दोघे दवाखान्यात हजर. त्यातल्या एकाशी चार वर्षांत मी चार वाक्यं बोललो नसेन, एकदा केटीवरून, म्हणजे राहिलेल्या विषयावरून, वाजलंही होतं. तो रात्रभर बाबांच्या उशाशी बसला. माझ्या जिगरी दोस्ताला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण त्याने ग्रुप म्यूट केला होता.

गणिती
रॉबिन डनबार या ब्रिटिश अभ्यासकाच्या मते माणसाला साधारण १५० नाती पेलतात, त्यातली अगदी जवळची पाचच. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा १०२४ वर नेली. वाढलेल्या खुर्च्यांवर बसवायचं कुणाला?

अनुस्वार
त्या पाचात आई, बायको आणि मुलं धरली की मित्राला जागा किती उरते, तेही सांगा.

काचेखालचा_बल्ब
अनुस्वार, २००५ साली दोन फोन. एक त्याच्या लग्नाआधी, एक माझ्या मुलीच्या बारशाला. दुसरा तर त्यानेच केला होता. तुमचा प्रश्न टोचला, खोटं कशाला बोलू.

माहेरचं_आडनाव, तुमचं म्हणणं मला सुचलंच नव्हतं. आमच्याही वर्गात सात मुली होत्या. ग्रुपात पाच आहेत, बाकीच्या दोघी कुठे आहेत हे मी कधी विचारलं नाही.

तरी परत जाणार नाही. रात्रपाळींचा अनुभव खरा, पण त्यांना त्या रात्री मदत हवी होती आणि ती मिळाली. माझ्या रूमपार्टनरने मागितलीच नाही. दीडशे जणांसमोर मागितली नसतीच, मला एकट्याला कदाचित बोलला असता. बाहेर पडण्याआधी १७ नंबर उतरवून घेतलेत. काल पहिला लावला, सोलापूरला. नंबर अजून तोच. त्याने उचलला आणि मी 'हॅलो' म्हणायच्या आत विचारलं, "कोण गेलं रे?"