मदत हवी आहे : ‘गेट’चा नेमका अर्थ तरी कोणता?

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या खेड्यातून लिहितोय. पुतणी यंदा दहावीला आहे. सध्या कापूस वेचणी सुरू आहे, वावरातून आलो की तासभर तिचं इंग्रजी घेतो. माझं स्वतःचं जेमतेम बारावीपर्यंतचं. आम्हाला ‘गेट म्हणजे मिळणे’ असं पाठ करवलं होतं, तेच मी तिला सांगून बसलो.

काल ‘इट इज गेटिंग डार्क’ आलं. पोरीनं लिहिलं, ‘अंधार मिळत आहे.’ हसलो तर म्हणते, “काकाजी, तुमीच तं सांगतलं ना, मिळणे म्हणून!” पुढं ‘शी गॉट होम लेट’चं केलं ‘तिला घर उशिरा मिळालं’. (घरकुलाच्या यादीत नाव असेल तर तेही खरंच म्हणा.) ‘आय गॉट माय हेअर कट’ला मात्र मीच अडलो. केस कापले कोणी? आणि ‘आय हॅव गॉट अ पेन’मध्ये हॅव असताना गॉट कशाला?

डिक्शनरीत अर्थांची रांगच आहे. यादी नको, ओळखायचं कसं तेवढं सांगा.

प्रतिसाद १
भाऊ, गेटच्या मागून काय येतं ते पाहा. वस्तू आली तर मिळणे किंवा आणणे. विशेषण आलं तर होणे : गेट वेट, गेट अँग्री, तुमचं डार्कही त्यातलंच. ठिकाण आलं तर पोचणे. ‘गेट टू वर्धा’, पण होमच्या आधी टू लागत नाही.

केसांचा घोळ कटमुळे झाला, त्याची तिन्ही रूपं सारखी. ‘आय गॉट द पंप रिपेअर्ड’ घ्या, लगेच दिसेल : वस्तू आणि पुढं तिसरं रूप, म्हणजे दुसऱ्याकडून करून घेतलं. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर कात्री तुमच्याच हातात.

‘हॅव गॉट’ म्हणजे नुसतं ‘जवळ आहे’. त्यातल्या गॉटला वेगळा अर्थ शोधू नका. अमेरिकेत तिसरं रूप ‘गॉटन’ करतात, पण या ‘आहे’च्या अर्थी तेही गॉटच म्हणतात.

प्रतिसाद २
पोरीला ‘लागणे’ विचारा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फाट्यावर एसटी लागते, आणि तुम्ही तिचे काका लागता! तिथं एकच अर्थ सांग म्हटलं तर काय सांगेल?

धागाकर्ता
आभार. पंपाचं वाक्य तिला एका दमात कळलं. ‘लागणे’वर तर तिनं आजीलाही कामाला लावलं, बारा वाक्यं जमली. आता नवीनच काढलंय : ‘वी गॉट लॉस्ट’ म्हणजे वाट चुकलो, मग ‘गेट लॉस्ट’ म्हणजे ‘वाट चूक’ का?

प्रतिसाद १
‘चालता हो’. तुम्हाला म्हणाली नाही ना?