वापरलेला पॉवर काईट (माणसाला ओढणारा मोठा पतंग) घ्यायचा आहे, काय तपासू? (बुलडाणा जिल्हा)

धुऱ्यावरचा:
वजन ६८ किलो. संक्रांतीचा पतंग सोडला तर अनुभव शून्य. दोन वापरलेले काईट मिळताहेत. एक ३ चौरस मीटरचा, चार दोऱ्यांचा फॉइल (कापडी कप्प्यांत वारा भरून फुगणारा), हँडल आणि पिशवीसकट १४,००० रुपये. दुसरा ९ चौरस मीटरचा, हवा भरायचा, बारसकट (दोऱ्या धरायच्या दांड्यासकट) ११,०००. मोठा असून स्वस्त, म्हणून मन तिकडं ओढतंय. विकणारा म्हणतो, दोन्ही फार कमी उडवलेत. जागा म्हणजे हरभरा निघालेलं वावर आणि गावाबाहेरचा माळ. पाहायला जाताना काय तपासायचं?

माळरान:
९ चा विसरा भाऊ. तो पाण्यावरचा काईट आहे. क्षेत्र तिप्पट, आणि ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गानं वाढते: १२ किमीचा वारा २४ झाला की ओढ चौपट. पाण्यात पडलं तर माणूस भिजतो, मुरमावर गुडघे फुटतात. शिवाय जुन्या हवेच्या काईटमध्ये उन्हानं व्हॉल्व्हचा गोंद सुटतो. स्वस्त असण्याचं कारण बरेचदा तेच असतं.

३ चा फॉइल तुमच्या वजनाला चालेल, पण १० ते १८ किमीच्या वाऱ्यात, आणि नुसता हातात धरून. हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा) लावून स्वतःला अडकवून घेऊ नका.

"कमी उडवला" याला अर्थ नाही, ऊन किती खाल्लं ते पाहा. वरच्या बाजूचं, पुढच्या काठाजवळचं मधलं कापड ओठांवर घट्ट धरून फुंका. हवा आरपार गेली तर कापड मेलं, तो काईट फुकटातही नको. चांगलं रिपस्टॉप, म्हणजे काईटचं चौकटी विणीचं कापड, हातात कुरकुरतं, मेलेलं जुन्या धोतरासारखं मऊ लागतं. मग काईट उन्हासमोर धरा आणि पुढच्या तोंडांतून आत पाहा. आतले पडदे फाटले असतील तर बाहेरून कळत नाही, पण आकार बिघडतो आणि काईट एका बाजूला कलतो. बारीक छिद्रं रिपस्टॉप टेपनं बुजतात, त्यांचं टेन्शन घेऊ नका. मागच्या काठाची शिवण फडफडून उसवते, तीही पाहाच.

चक्रीवाला:
कापडाचं वर आलंच आहे. माझ्या मते पैसे दोऱ्यांत बुडतात.

चारही दोऱ्या पूर्ण उलगडायला लावा, साधारण २० ते २५ मीटरच्या असतात. जाड दोन ओढीच्या, बारीक दोन ब्रेकच्या, म्हणजे मागचा काठ खेचून काईट थांबवणाऱ्या. एका खुंटीला चारही फासे अडकवा आणि दुसऱ्या टोकाकडून सारख्या ताणानं ओढा. ओढीच्या दोन आपसांत आणि ब्रेकच्या दोन आपसांत जुळायला हव्यात. वापरानं ओढीच्या दोऱ्या ताणून लांबतात, म्हणजे ब्रेक आपोआप लागून राहतात. मग काईट वर जात नाही, मागं मागं येऊन बसतो, आणि नवखा माणूस दोष वाऱ्याला देतो. उपाय सोपा: हँडलच्या खालच्या लीडरवर (हँडलला जोडलेल्या आखूड दोरीवर) ओळीनं गाठी असतात, ब्रेकची दोरी बाहेरच्या गाठीवर घ्या. काईट डोक्यावर असताना ब्रेकच्या दोऱ्यांना किंचित झोळ हवा.

दोरीवर थोडी लव चालते. मध्येच गाठ मारलेली असेल तर ती दोरी बदलायचीच, गाठीपाशी ताकद जवळपास निम्मी होते. नव्या दोऱ्यांचे पैसे भावातून वजा करा. ब्राइडल, म्हणजे आपल्या पतंगाच्या कणीचा मोठा भाऊ, डावी-उजवी जोडी धरून मापा. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

आणि मनगटाचे पट्टे आहेत का, ते विचारा. ते ब्रेकच्या लीडरला जोडलेले असतात. हँडल सोडलं की ब्रेक खेचले जातात आणि काईट खाली बसतो. ते नसतील तर वेगळे घ्या, पण त्यांच्याशिवाय उडवू नका.

पराटी:
जागेचं कोणी बोललंच नाही राजेहो. हरभऱ्याचं वावर चालेल, कपाशीचं नाही. पराट्यांच्या धसकटांत ब्राइडल अडकते आणि कापड फाटतं. उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भेगांत पाय जातो, तोही मागं चालताना. बाभळीपासून लांब. वावरावरून ११ केव्हीची तार गेली असेल तर ते वावर बाद, निदान शंभर मीटर अंतर ठेवा. रस्त्याकडेही तोंड नको.

एप्रिल-मेमध्ये दुपारी १२ ते ४ अजिबात नाही. तापलेल्या जमिनीवरून वावटळ उठते, तिला दिशा नसते. संध्याकाळी वारा जरा सरळ वाहतो. वळवाचा ढग दिसला की ताबडतोब गुंडाळा, पाऊस येण्याआधी वाऱ्याचा झोत येतो आणि वीजही.

अजून एक. २०१७ च्या हरित लवादाच्या आदेशात पतंगासाठी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यावर बंदी आहे. या काईटची डायनीमाची (मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी काचेची नसली तरी कृत्रिमच, आणि ताणलेली असताना कातडी कापते. पोलिस ठाण्यात आधी विचारून घ्या, आणि संक्रांतीच्या आसपास बाहेर काढूच नका.

धुऱ्यावरचा:
धन्यवाद. ३ चाच पाहतो. एकट्यानं जमिनीवरून उचलायचा कसा? वाऱ्यानं आधीच उलटला तर?

माळरान:
वाऱ्याकडं पाठ करून उभे राहा, काईट समोर. तो पाठीवर झोपवायचा, दोऱ्या वर, मागचा काठ तुमच्याकडं. त्या काठावर वाळूच्या लहान पिशव्या ठेवा. दगड नको, कापड घासतं. हँडलची खालची टोकं जमिनीत खुंटीला अडकवून ठेवली की ब्रेक लागून राहतो आणि तुम्ही मोकळे. हँडल उचलून वरची टोकं ओढली की पुढची तोंडं फुगतात आणि तो सरळ वर येतो. पहिले काही दिवस डोक्यावरच ठेवा. समोर, खाली आणला की सगळी ताकद तिथंच.

घरी ठेवताना पिशवी टिनाच्या खाली नको, आणि उंदरांपासून वर टांगा.